तिथीची पाऊणपट
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला महिन्यापूर्वी जिन्यातच गाठले आणि म्हणाल्या, "तुम्ही आफ्रिकेला जाऊन आलात, तर यंदा प्रवासवर्णन तुमचेच." मी हो म्हणून बसले. घरी येऊन विचार करू लागले तेव्हा ध्यानात आले की, आफ्रिका म्हणून सांगावी अशी मी काही पाहिलीच नाही. सिंह पाहिला नाही, हत्ती पाहिला नाही. मी एक किनारा पाहिला, आणि तोही नीट न पाहिल्यामुळे माझी जी फजिती झाली तीच आज सांगणार आहे. फजिती हा शब्द सौम्य आहे. माझ्याबरोबर नऊ वर्षांची पोर होती.

माझी भाची नोकरीनिमित्त टांझानियात दार-ए-सलामला असते. तिच्याकडे गेले असता चार दिवस झांझिबारला जावे असे ठरले. दारहून सकाळच्या बोटीने निघाले की दोन तासांत झांझिबारचे जुने शहर येते. तेथून बेटाच्या पूर्वेच्या अंगाला पाजे नावाचे गाव आहे, सुमारे पन्नास किलोमीटर. लवंग आपल्या मसाल्याच्या डब्यात असते, तिचे हे बेट. परंतु पाजेला लवंग नाही. तेथे पिठासारखी पांढरी वाळू आहे. ती प्रवाळाची असल्यामुळे भर उन्हातही पाय पोळत नाहीत. वाळूच्या कडेने माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली हॉटेले एकाला एक लागून उभी आहेत. दूरवर समुद्रात प्रवाळाची खडकरांग आहे. तिच्यावर लाटा फुटतात, आणि तिच्या आतले पाणी उथळ, निळे-हिरवे. चित्रात दाखवतात तसेच अगदी.

आता थोडे माझ्याविषयी सांगावे लागेल, कारण चुकीचे मूळ तिथे आहे. माझे माहेर अलिबागचे. अलिबागला ओहोटी असली की कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जाता येते, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. आणि वेळ चुकली तर गणपतीच्या दर्शनाला गेलेली माणसे आतच अडकून पडतात, हेही. आम्ही मुले लहानपणापासून भरती-ओहोटीच्या हिशेबात वाढलो. माझ्या आजीला अक्षरओळख बेताचीच, पण तिचा एक ठोकताळा होता, जो आपल्या साऱ्या कोकणपट्टीत चालतो. तिथीची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. तेथून सहा तासांनी ओहोटी. घड्याळ नाही, तक्ता नाही, पंचांग पुरे. तो ठोकताळा मला कधी दगा देऊन गेलेला नाही, आणि सासरी मुंबईस आल्यावर माझ्या यजमानांपुढे मी तो पुष्कळ मिरवलेला आहे.

आम्ही पाजेला पोचलो तो दिवस कृष्ण द्वितीयेचा. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला भरती, मग ओहोटी लागणार ती संध्याकाळी साडेसातपर्यंत. नातीला मी गाडीतच ऐटीत सांगितले की, "जेवण झाले की पाणी उतरायला लागेल, मग आपण आत चालत जाऊ." तरीही खात्री करावी म्हणून हॉटेलच्या बागेत झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाला मोडक्या इंग्रजीत विचारले, "समुद्र भरतो किती वाजता?" तो हसून म्हणाला, "अकराला." चला! आजी म्हणते दीड, हा म्हणतो अकरा. दोन-अडीच तासांचा फरक असेल, देश निराळा आहे. कोणाचेही खरे धरले तरी आता पाणी उतरणीलाच आहे.

समुद्राकडे पाहिले तर तो ना भरलेला, ना पुरता आटलेला. वाळू खूप आतपर्यंत उघडी, पलीकडे घोट्याएवढे पाणी. चढते पाणी आणि उतरते पाणी नुसते पाहून ओळखू येत नाही, निदान दोन मिनिटांत तरी नाही. भाचीला बोटीचा त्रास झाला होता, ती खोलीत आडवी झाली. नात आणि मी निघालो.

निघताना एक गोष्ट दिसली होती. ती दिसली आणि मी तिचा अर्थ लावला नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते. समुद्रातून बायका परत येत होत्या. पंधरा-वीस असतील, अंगाभोवती रंगीत कापडे, डोक्यावर पाणी गळणारी पोती. आमच्या अलिबागला तिसऱ्या काढायला गेलेल्या बायका पाणी फिरले की नेमक्या अशाच रांगेने परततात. मला वाटले, जेवायची वेळ झाली असेल. सगळ्या बायका बाहेर येत होत्या आणि आम्ही दोघी आत जात होतो!

वीस-पंचवीस मिनिटे चाललो. नात तारामासे पाहण्यात रंगून गेली. काळे काटेरी समुद्री साळे असतात, त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून भाचीने रबरी बूट दिले होते. पुढे वाळूत हात-दीड हात उंचीचे काठीचे खुंट ओळीने ठोकलेले, खुंटाखुंटांत दोऱ्या ताणलेल्या आणि दोरीला टाचणभर अंतरावर शेवाळाचे तपकिरी झुबके बांधलेले. जणू पाण्यात वाळत घातलेल्या कुरडया. आम्ही ते पाहत बसलो. मग पाणी गुडघ्याला लागले. मी म्हटले, जागा सखल दिसते. थोडे सरकलो, तरी गुडघ्यालाच.

लहानपणी पाणी चढते की उतरते हे पाहायला आम्ही वाळूत काठी रोवीत असू. आणि इथे माझ्यापुढे शेकडो काठ्या रोवलेल्या होत्या. मी मागे वळून पाहिले, तो मघाच्या ओळींतल्या खुंटांची टोके दिसेनाशी झाली होती.

भगिनींनो, समुद्राचे पाणी चढते ते सारख्या वेगाने नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात ते जेमतेम बारावा हिस्सा चढते, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत निम्मी भरती येऊन जाते. खरी ओहोटी त्या दिवशी सव्वाअकराच्या सुमारास होऊन गेली होती. म्हणजे आम्ही नेमक्या त्या तिसऱ्या-चौथ्या तासात आत उभ्या होतो. त्यातून पौर्णिमेनंतरचे उधाण. उधाणाला झांझिबारचे पाणी जवळजवळ चार मीटर चढते-उतरते, म्हणजे तेरा फूट. गोव्याला आपण जातो तिथे दोन मीटरचाच खेळ, म्हणून तेथे समुद्र आपल्या जागी बसलेला वाटतो.

किनाऱ्याकडे निघालो तर आणखी एक घोटाळा. हॉटेले साऱ्या एकाच छपराची, आपले कोणते ते ओळखू येईना. आणि किनारा व आम्ही यांच्यामध्ये एक सखल पट्टा होता. येताना तिथे घोटाभर पाणी होते म्हणून तो ध्यानातच आला नव्हता. आता पाणी आधी तिथेच भरले होते आणि आडवे ओढत होते. पोरीच्या कमरेला आले, पुढच्या दहा पावलांत छातीला. मला पोहता येत नाही. समुद्राकाठी जन्मलेल्या आमच्या पिढीतल्या किती मुलींना पोहता येते, हे एकदा मोजायला हवे. मुलगे सगळे पोहत. मी पोरीचा हात धरून उभी राहिले, आणि खरे सांगायचे तर मला देवही आठवला नाही. तिच्या आईला काय सांगू, एवढेच मनात घोळत होते.

तेवढ्यात मागून हाक आली, "माजी यानाजाआ! माजी यानाजाआ!" एक बाई दोन पोती दोरीला बांधून पाण्यावर तरंगत ओढीत येत होती. सगळ्यांच्या शेवटी राहिलेली. नात दारच्या शाळेत स्वाहिली शिकते. ती म्हणाली, "आजी, पाणी भरतंय म्हणतात त्या." बाईने दोरीचे टोक माझ्या हातात दिले, पोरीला बखोटीला धरले आणि ती किनाऱ्याकडे न जाता किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडे चालू लागली. मी ओरडत होते की किनारा तिकडे आहे. तिने वळूनही पाहिले नाही. शे-दीडशे पावलांवर वाळूचा दांडा लागला, पाणी पुन्हा मांडीला आले, आणि त्या दांड्यावरून तिने आम्हाला तिरके बाहेर काढले.

बाहेर आलो ते भलत्याच हॉटेलासमोर. त्याच्या भिंतीला पाणी लागायला आले होते आणि वर जायला दगडी पायऱ्या होत्या. वर उभा असलेला पहारेकरी लगबगीने खाली आला, त्याने पोरीला उचलले, मला हात दिला. आणि त्या बाईला मात्र हाताने दूर जा अशी खूण केली. पोती घेऊन हॉटेलातून जायचे नाही, असा नियम असावा. ती काही बोलली नाही; पोती डोक्यावर घेऊन भिंतीच्या कडेकडेने पाण्यातून निघून गेली. मी काही बोलायला हवे होते. धाप लागली होती, भाषा येत नव्हती, हे सगळे खरे. पण बोलले नाही, हेही खरेच.

भाचीची बोलणी खाऊन झाल्यावर संध्याकाळी उलगडा झाला. हॉटेलच्या टेबलामागे फळ्यावर खडूने लिहिलेले होते: ओहोटी 11.20, भरती 5.25. येताना मी त्या फळ्याखाली उभी राहून सही केली होती! बागेतल्या माणसाचे अकरा? तेही बरोबरच होते. तिकडे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. दुपारचा एक म्हणजे त्यांचे सात, आणि संध्याकाळचे पाच म्हणजे अकरा. त्याने स्वाहिलीतले अकरा तसेच्या तसे इंग्रजीत सांगितले. तो म्हणाला पाच, मी ऐकले अकरा. विषुववृत्ताच्या जवळ बाराही महिने सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा त्यांची पद्धत आपल्यापेक्षा सोयीची आहे असे मला वाटते. पण ते असो.

आजीचा ठोकताळा मात्र का चुकला, हे मला परत आल्यावर वाचून कळले. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकी मागे पडते. म्हणून पाऊणपट. तेवढा भाग सगळ्या जगात खरा. परंतु पौर्णिमेला भरती बाराला, हा जो आरंभ आहे तो आपल्या किनाऱ्यापुरता. भरती ही एक लांबलचक लाट आहे. ती किनाऱ्याच्या वळणांतून, उथळ-खोल पाण्यातून वाट काढीत येते, आणि प्रत्येक बंदराला ती पोचायला लागणारा वेळ निराळा असतो. झांझिबारला पौर्णिमेची भरती चारच्या सुमारास पूर्ण होते. चंद्र एकच, तिथी एकच, आणि माझ्या हिशेबात चार तासांची चूक.

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन त्या बाईला शोधायला गावात गेलो. हॉटेलांच्या मागे, रस्त्याच्या पलीकडे गाव आहे. तेथे बायांनी खांदे-गुडघे झाकून जावे, आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नये. ती घराबाहेर शेवाळ वाळत घालीत होती. माझे पिकले केस पाहून ती म्हणाली, "शिकामू." वडील माणसाला करायचा हा नमस्कार, मूळ अर्थ "तुमचे पाय धरते" असा सांगतात. आपले "पाया पडते" तिथे कसे गेले कोण जाणे! पाया पडायचे ते मीच, आणि म्हणत होती ती.

ती आम्हाला आपल्याबरोबर आत घेऊन गेली, या वेळी ओहोटीच्या आधी. हे शेवाळ, त्यांच्या भाषेत म्वानी, लावण्याचा धंदा पाजे आणि शेजारच्या जांबियानी गावी 1989 साली सुरू झाला. बियाणे फिलिपाइन्सहून आणले होते. झुबका लावला की सुमारे सहा आठवड्यांनी कापणी. त्यातून निघणारा चिकट पदार्थ आइस्क्रीम आणि टूथपेस्ट दाट करायला लागतो. म्हणजे तुम्ही-आम्ही सकाळी तोंडात घालतो त्यात कोणा झांझिबारच्या बाईचे कंबर मोडून केलेले काम असू शकते. बेटावर वीस हजारांच्या वर माणसे हे काम करतात आणि त्यांत दहांत आठ बायका आहेत. भाव किलोला अगदी थोडा. तरी पण ती म्हणाली, हा पैसा माझ्या हातात येतो. मुलांची शाळा, घराचा पत्रा, सगळे यातून.

पूर्वी त्या दोन जाती लावीत. एका जाड जातीला भाव चांगला मिळे, परंतु उथळ पाणी अलीकडे इतके तापते की ती जात मरते. ती जगवायची तर खोल पाण्यात जायला हवे. तिला मी विचारले, "मग जात का नाही?" ती हसली. नातीने तिचे उत्तर मला सांगितले: "आजी, त्यांना पोहता येत नाही."

म्हणजे आदल्या दिवशी पोहता न येणाऱ्या तीन बायका त्या पाण्यात होत्या! मी एकदम खालीच बसले. पण तिला दांडा ठाऊक होता, सखल पट्टा ठाऊक होता, पाणी कुठे आधी भरते ते ठाऊक होते. महिन्यातून दोनदा उधाणाचे दिवस आले की ती कामाला उतरते. पाणी फार मागे जाते ते तेव्हाच. आपण भांगाचे पाणी म्हणतो, अष्टमीच्या आसपासचे सुस्त, त्याला ती मेलेले पाणी म्हणते. तेव्हा घरी बसून सुकवणे, भरणे. तिचा महिनाही आपल्यासारखा चांद्रमासच. आम्ही दोघी बोटांवर तिथ्या मोजून एकमेकींना दाखवीत होतो आणि भाची तोंडावर हात ठेवून हसत होती.

आणखी पुष्कळ पाहिले. नारळाची सोडणे किनाऱ्याच्या चिखलात महिनोन्महिने पुरून, मग कुटून बायका काथ्या काढतात. आपल्या कोकणातलीच रीत, आजीला दाखवायला हवी होती. त्यांच्या अंगावरच्या कापडाला कांगा म्हणतात. त्याच्या काठावर एकेक वाक्य छापलेले असते, लुगड्यावर उखाणा छापावा तसे. ज्या शेजारणीला टोमणा मारायचा तिच्या दारावरून तसला कांगा नेसून जायचे, बोलायचे काही नाही. (ही सोय आपल्या मंडळात नसलेली बरी!) वाऱ्यावर पतंग धरून फळीवर पाणी कापीत जाणारे गोरे तरुण तेथे देशोदेशींहून येतात. त्यांच्या फळ्या शेवाळाच्या दोऱ्यांत अडकतात, बायकांचे खुंट त्यांच्या पायांना लागतात. दोघांची भांडणे होतात. भरतीला पाणी त्यांचे आणि ओहोटीला वाळू यांची, असे वरवर वाटते, पण शेत पाण्याखाली गेले म्हणून ते शेत नाही असे थोडेच होते?

गावातल्या काही बायका आता शेवाळाची पूड घालून साबण करतात आणि हॉटेलांतल्या पाहुण्यांना विकतात. पोतीभर शेवाळाला मिळत नाही तो पैसा मूठभर साबणाला मिळतो. मी डझनभर आणले आहेत. चहाच्या टेबलाशी ठेवले आहेत, एकेक घ्यावा. वास लवंगेचा आहे.

दुपारी निघताना मी तिला साडी द्यायला लागले. तिने ती घेतली, डोक्यावर धरून पाहिली, आणि नातीला जवळ बोलावून काहीतरी बराच वेळ सांगितले. ती काय म्हणाली ते नात मला सांगेना. बोटीत बसल्यावर तिने वही काढून लिहिले: तिथी × पाऊण + चार.

परवा तिचा दारहून फोन आला. दारचे पाणीही झांझिबारच्याच वेळेचे. "आजी, आज षष्ठी," ती म्हणाली, "तुझ्याकडे साडेचारला, माझ्याकडे साडेआठला. बरोबर?" आणि दुसरे असे की, तिने तिथल्या तलावावर पोहायला नाव घातले आहे. तिच्या आईनेही.